जट सोडवली, कापली नाही

आजही कुणी माझ्या केसांचं कौतुक केलं की मी लाजत नाही. साठी कधीच उलटली, वेणी करंगळीएवढी राहिली, तरी मी म्हणते, "आहेतच तसे! मेहनत घेतलीय मी त्यांच्यावर." लोकांना वाटतं म्हातारीला गर्व झालाय. झालाय तर झालाय. कशाचा झालाय ते आधी ऐका, मग बोला.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ह्यांची गिरणी बंद पडली, पुढे अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका वर्कशॉपात नोकरी लागली, आणि आम्ही लालबागची चाळीतली खोली सोडून चारकोपला राहायला आलो. आम्ही म्हणजे चार माणसं. मी, हे, माझ्या सासूबाई आणि दुसरीत जाणारी मुलगी. स्वतःचं घर! नळ घरात, संडास घरात, मागच्या दाराला छोटासा ओटा. तेव्हा चारकोपचे सेक्टर नुसते आखलेले होते. निम्मी घरं अर्धवट, मध्ये मोकळं माळरान, पलीकडे खाडीचा चिखल नि तिवरं. नातेवाईक यायचे, भिंतीवरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "नशीब काढलंत!"

काढलं होतंच नशीब. आणि मला सकाळी उठल्यापासून रडू यायचं.

चाळीत मी तोंडाळ म्हणून प्रसिद्ध होते. नळावर माझी कळशी मागे सरकवायची कुणाची छाती नव्हती. सकाळी जिच्याशी कडाकडा भांडले तीच बाई संध्याकाळी वाटीभर साखर मागायला यायची आणि मी शीग लावून द्यायचे. चारकोपला भांडायला माणूसच नव्हतं. घरात नळ आल्यावर भांडणार कुणाशी, तोटीशी? हे डबा घेऊन निघायचे, मुलगी शाळेत, सासूबाई त्यांच्या देवांपाशी, आणि घर इतकं गप्प व्हायचं की फळीवरच्या घड्याळाचा राग यायचा.

आधी वाटलं कंटाळा आहे, जाईल. मग हातपाय जड व्हायला लागले. भाकरी थापताना मध्येच थांबायचे आणि पीठ हातावर वाळून जायचं. आंघोळ कधी दुपारी, कधी नाहीच. जेवण उभ्याउभ्या, पातेल्यातूनच दोन घास. आणि विचारलं तर सांगायला कारण काही नाही, हे सगळ्यात वाईट. कुणी मेलं असतं, नवऱ्याने टाकलं असतं, तर बाईला रडायचा हक्क असतो. माझ्या नवऱ्याने कधी आवाजसुद्धा चढवला नाही. "अगं, काय कमी आहे तुला?" हे विचारायचे. रागाने नाही हां, खरंच कळावं म्हणून. मला कळत असतं तर मी सांगितलं नसतं का! मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

त्यात वेणीफणी सुटली. आजच्या पोरींना हे सांगावं लागतं. आमच्यात बाईची दुपार वेणीफणीने संपायची. चहाच्या आधी आरसा खिडकीत टेकवायचा, केस मोकळे सोडायचे, गुंता काढायचा, तेल लावून वेणी घालायची, तोंड धुऊन पावडर-कुंकू करायचं, की बाई दिवेलागणीला तयार. चाळीत हा कार्यक्रम गॅलरीत चालायचा. एकीच्या मागे दुसरी, दुसरीच्या मागे तिसरी, अशा आम्ही ओळीने बसायचो, आणि हात पुढच्या डोक्यात नि तोंड जगाच्या पंचायतीत. माझे केस कमरेच्या खाली जायचे, त्यामुळे माझ्या मागे बसायला बायकांची चढाओढ असायची. चारकोपला मागे बसायला कुणी नव्हतं. मी अंबाडा बांधून टाकला. सुटला की परत आवळायचा, त्याच्यावरच झोपायचं, आंघोळीला वरवर पाणी घ्यायचं. दिवसामागून दिवस गेले, किती ते मला विचारू नका.

एकदा मानेला फार खाज सुटली म्हणून अंबाडा सोडला, तर केस खाली आलेच नाहीत. मागच्या बाजूला हाताला लागला तो मनगटाएवढा जाड गोळा, नारळाच्या सोडणासारखा खरखरीत. फणी घातली तर फणीचा दात मोडला. मी फणी ठेवून दिली आणि पुन्हा आडवी झाले. मला त्याचं दुःखसुद्धा झालं नाही, यावरून माझी काय वाट लागली होती ते समजा.

सासूबाईंनी ते पाहिलं आणि त्यांच्या हातातली परात खाली पडली. आमच्या शेजारी सोलापूरकडच्या एक मावशी राहायच्या, त्यांना त्यांनी हाक मारून बोलावलं. मावशींनी लांबूनच बघितलं. डोक्यावर पदर घेतला, हात जोडले. म्हणाल्या, "जट आलीय ताईंना. देवीची जट. फणी लावू नका आता, आणि कात्रीचं तर नावबी काढू नका. देवीनं धरलंय त्यांना. म्हणून तर अशा गप बसतात, खात न्हाईत, पीत न्हाईत."

तुम्हाला वाटेल मी घाबरले. छे! सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, आणि सगळ्यात आधी माझा. इतके महिने ज्याला नाव सापडत नव्हतं त्याला एकदम नाव मिळालं. म्हणजे मी आळशी नव्हते, वेडी नव्हते, सुख बोचणारी बया नव्हते. मला देवीने धरलं होतं! आता कुणी मला ऊठ म्हणणार नव्हतं, काय कमी आहे म्हणून विचारणार नव्हतं. मी निवांत भिंतीला टेकून बसले.

मग सुरू झालं सगळं. मंगळवारी, शुक्रवारी सासूबाई जटेला हळदकुंकू वाहायच्या. आधी शेजारच्या बायका आल्या, मग पलीकडच्या सेक्टरमधल्या. कुणी लिंबू ठेवायची, कुणी नारळ, आणि माझ्या पाया पडायच्या. एकीने विचारलं, माझ्या मुलाला नोकरी कधी लागेल? मला बोलायचंही बळ नव्हतं, म्हणून मी नुसती बघत राहिले. तिने त्या बघण्याचा काय अर्थ लावला देव जाणे, पुढच्या शुक्रवारी पेढे घेऊन हजर! हे बिचारे ओट्यावर झोपायला लागले. घरात देवी असताना माणसाने झोपायचं कुठे?

सासूबाईंनी हे मिरवलं नाही हं. त्या मनापासून भ्यायल्या होत्या. मला कामाला हात लावू देईनात. आणि एक गोष्ट त्यांनी अशी केली की ती मी आजही विसरलेले नाही. लग्न झाल्यापासून "चाय घे गो" म्हणणारी ती मालवणी बाई मला अहोजाहो करून "चाय घेवा" म्हणायला लागली. मला! तिच्या शिव्या खाऊन संसार शिकले त्या मला! पण तेव्हा मला तेही लागलं नाही. मी "चाय घेवा" ऐकायचे आणि चहा घ्यायचे.

ही गंमत किती दिवस चालली असती कुणास ठाऊक. पण एका दुपारी मुलगी शाळेतून आली. तिच्या दोन वेण्या तेव्हा सासूबाईच घालायच्या. त्या रिबिनी सोडून फणी फिरवायला लागल्या आणि ती कानामागे अडकली. पुन्हा फिरवली, पुन्हा अडकली. त्यांनी फणी खाली ठेवली आणि मावशींना हाक मारली. मी आतल्या चटईवर पडून होते, मला सगळं ऐकू येत होतं.

मावशींनी मुलीच्या कानामागे बघितलं. "व्हय की! हिलाबी येतीय. आईवर आली म्हंजी लेकीवर येणारच. फणी लावू नका." मग हात जोडून, अगदी भाविकपणे म्हणाल्या, "माझ्या थोरल्या बहिणीला अशीच आली होती, हिच्याएवढीच असताना. तिचं लगीन केलं न्हाई मग. देवीलाच सोडलं तिला."

आणि माझी मुलगी टाळ्या पिटत म्हणाली, "म्हणजे मला शाळेत जायला नको ना आजी? मी पण आईसारखी बसू?"

मला राग आला. काय सांगू तुम्हाला, असा राग आला की डोक्यापासून पायापर्यंत झिणझिण्या आल्या! कित्येक महिन्यांत मला काही आलंच नव्हतं, ना भूक, ना हसू, आणि आता हा राग असा धावत आला, माझ्या ओळखीचा, लालबागच्या नळावरचा. आईसारखी बसू म्हणे! मी उठले. उठताना भोवळ आली, दाराची चौकट धरली, आणि ओरडले, "आणा ती फणी इकडे!"

सासूबाई "अगो बाय" म्हणून मागे सरकल्या. मी मुलीला दोन गुडघ्यांत पकडलं. रिबिनीच्या गाठीत केस अडकून जांभळाएवढा गुंता झाला होता, दुसरं काही नाही. बोटावर तेल घेतलं, टोकाकडून एकेक केस सोडवला. पोरगी "आई गं, आई गं" करून बोंबलत होती. चहाला आधण येईपर्यंत गुंता निघाला. मी फणी वरपासून खालपर्यंत एकदा सरळ फिरवून दाखवली. "बघा! कुठाय देवी?"

मावशी शांतपणे म्हणाल्या, "लेकीचं सुटलं, बरं झालं. पण ताई, तुमची खरी हाय."

तेव्हा मला लख्ख कळलं. ही माझ्या डोक्यावर आहे तोवर माझ्या मुलीच्या डोक्यात रोज कुणीतरी देवी शोधत बसणार. आज रिबिनीची गाठ होती, उद्या ताप येईल, परवा ती कुठल्याशा कारणाने गप्प बसेल, आणि सगळे हात जोडतील. मला काय व्हायचं ते होऊ दे, पण हिला नाही. मुळीच नाही!

रात्रीचं जेवण झाल्यावर हे हळूच म्हणाले, "कात्री आणू का? आई झोपली की कापून टाकू. कुणाला कळणार पण नाही." चांगलं माणूस, पण अक्कल बेताची. मी म्हटलं, "कापली तर लोक काय म्हणतील? देवीची होती, हिने कापली. मग जन्मभर घरात कुणाला शिंक आली तरी ते माझ्या कात्रीवर जाणार. आणि मी ही सोडवली तर? सोडवली तर म्हणावंच लागेल ना, की गुंता होता म्हणून!" हे माझ्याकडे बघतच राहिले. मी इतकं लांबलचक वाक्य पुष्कळ दिवसांत बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पाणी येऊन गेल्यावर मी मागच्या ओट्यावर उन्हात बसले. तेलाची वाटी, जाड दातांची फणी आणि लग्नाआधी हौसेने आणलेली क्रोशाची सुई. डाव्या हाताने गोळा मुळाशी घट्ट धरायचा, म्हणजे ओढ बसत नाही, आणि उजव्या हाताने शेंड्याकडून सुईने उकलायचं. वरून सुरुवात केली की गुंता घट्ट होतो, हे प्रत्येक बाईला ठाऊक असतं. पहिल्या दिवशी चार-सहा केस सुटले. हात वर धरून धरून खांदे भरून आले आणि रडू कोसळलं. पण उठताना मी एक ठरवलं. रोज बसायचं. बोटभर सुटलं तर बोटभर. नाही सुटलं तर नुसतं तेल चोळायचं. पण बसायचं.

तसं बसायला लागले. उगाच शूरपणा सांगत नाही, काही दिवस फक्त वाटी घेऊन बसले आणि तशीच उठले. सकाळी डोळे उघडायचे तेव्हा छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटायचं, ते काही तेलाने जात नव्हतं. पण दिवसाला एक खुंटी मिळाली. दुपारी ओट्यावर बसायचं म्हणजे त्याच्याआधी आंघोळ हवी, कारण तेलकट, पारोशी बाई उघड्यावर बसलेली बरी दिसत नाही. मला हे वाटलं, बरं दिसत नाही असं, त्याचंच मला केवढं नवल वाटलं! मग साडी बदलायला लागले. मग टिकली. हात तेलाने माखायचे, ते साबणाने धुवायचे, आणि धुतलेच आहेत हात तर ताट वाढून घ्यावं, पाटावर बसून जेवावं. भाताला चव लागायला लागली. एक दिवस आमटी आळणी झालीय म्हणून मी सासूबाईंना तोंडावर सांगितलं आणि ह्यांना ठसका लागला.

पण सासूबाई बोलत नव्हत्या माझ्याशी. मी ओट्यावर बसले की त्या आत देवांसमोर उभ्या राहायच्या. आम्ही कोकणातली माणसं, देवाशी बोलायचं म्हणजे गाऱ्हाणं घालायचं. एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून साथ द्यायची. एका दुपारी त्यांचा आवाज चढला. "बा देवा म्हाराजा! माझी सून अजाण हा. तिच्या हातान काय चुकला-माकला आसात, तर ता माझ्या पदरात घाल. तिका काय करू नको, रे म्हाराजा!"

आणि मी, जन्मभराच्या सवयीने, हातात सुई तशीच धरून ओट्यावरून म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

म्हटलं आणि जीभ चावली. कशाला हो म्हणाले मी! त्यांनी माझी शिक्षा स्वतःसाठी मागितली होती, आणि मी तिला साथ दिली होती.

आणि त्या आठवड्यात सासूबाईंना ताप भरला. हुडहुडी अशी की दोन गोधड्या आणि वर ह्यांचं जाकीट घातलं तरी दात वाजत होते. मावशी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आता तरी थांबा ताई." त्या वाईटाने बोलल्या नाहीत, त्यांचे डोळे भरले होते. ह्यांनीही मान खाली घातली. डॉक्टर म्हणाले हिवताप आहे, खाडीकडेला डास काय कमी आहेत! कडू गोळ्या दिल्या. मला सगळं समजत होतं. मॅट्रिक शिकलेय मी. तरी फणी फळीवर ठेवली आणि तिकडे बघायचं धाडस होईना. निम्मी जट सुटलेली, निम्मी तशीच, अशी मी त्यांच्या उशाशी बसून कपाळावर घड्या ठेवत होते, पेज भरवत होते, त्यांचे पाय चेपत होते. माझ्या मुलीसाठी मी कुणाच्याही अंगावर गेले असते. पण ह्या बाईचा जीव घेऊन?

ताप उतरला त्या सकाळी त्यांनी डोळे उघडले आणि बराच वेळ माझ्या डोक्याकडे बघत राहिल्या. मी विचारलं, "आई, थांबवू का मी हे? तुम्ही म्हणाल तसं."

त्या पांघरुणातून हात बाहेर काढून दाखवत म्हणाल्या, "ह्यो बघ, हात कसो खाल्लो डासांनी. आणि देवीचा नाव कशाक घेतंस?" मग परत माझ्या केसांकडे बघितलं, तोंड वाकडं केलं. "अर्धवट काम माका आवडना नाय, तुका ठावक हा ना? मगे? पेज घाल गो आधी."

गो! मी पेज आणायच्या निमित्ताने आत गेले आणि स्टोव्हपाशी उभी राहून पदरात तोंड खुपसून हुंदके देऊन रडले. पण ते रडणं वेगळं होतं. भाजी जळाल्याचा वास आला तशी लगेच थांबले.

ते थंडीचे दिवस होते. खोबरेल बाटलीत गोठायचं आणि मी काडीने टोकरून काढायचे. एका दुपारी ओट्यावर गेले तर बाटली आधीच उन्हात ठेवलेली, तेल पातळ झालेलं. कुणी ठेवली ते मी विचारलं नाही आणि सासूबाईंनी सांगितलं नाही. त्यानंतर ती रोज तिथेच असायची.

होळीच्या सुमारास शेवटची गाठ राहिली, अगदी मुळाशी, कवडीएवढी. ती सुटायला तीन-चार दुपारी लागल्या. सुटली तेव्हा मला आधी कळलंच नाही, सुई नुसतीच आरपार गेली. फणी घातली, ती मानेपर्यंत उतरली, पाठीवर उतरली, शेवटाला आली. मांडीवर केसांचा ढीग पडला होता. निम्मे केस गेले असतील. पण जे राहिले ते मी एकेक करून परत मिळवलेले होते, आणि मी तिथे ओट्यावर एकटीच मोठ्याने हसले. मग शिकेकाई उकळली आणि न्हायले.

केस वाळवत बसले होते तेव्हा कुंपणाच्या पलीकडून मावशी बघत होत्या. हळूहळू जवळ आल्या. जटेला त्यांनी कधी हात लावला नव्हता, पण आता त्यांनी माझे केस हातात घेतले आणि बोटं घातली. बोटं आरपार निघाली. पुन्हा घातली, पुन्हा निघाली.

"सुटते व्हय ही?" त्या म्हणाल्या. माझ्याकडेसुद्धा न बघता त्या परत म्हणाल्या, "माझ्या बहिणीची कुणी सोडवून बघितलीच न्हाई." मी त्यांना धरून ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो.

खोटं कशाला बोलू, ते मळभ कायमचं गेलं नाही. पुढेही येत राहिलं, अजून येतं. पण आता ते आलं की मी त्याला देवी म्हणत नाही आणि भिंतीकडे तोंड करत नाही. आंघोळ करते, धुतलेली साडी नेसते, ताट घेऊन बसून जेवते, दुपारी वेणी घालते. लोक म्हणतील, ह्यात काय मोठंसं? ज्याला एकदा उठून तोंड धुणं डोंगराएवढं वाटलंय त्याला विचारा काय मोठंसं ते. मी ते केलंय, कुणी करवून घेतलं नाही, आणि त्याचा मला अभिमान आहे.

न्हाणं झालं त्याच आठवड्यातल्या शुक्रवारची गोष्ट. दुपारची वेळ होती, मी मागच्या ओट्यावर केस मोकळे सोडून बसले होते, मुलगी शेजारी रिबिनी घेऊन आपल्या नंबराची वाट बघत होती. पुढच्या दारी दोन-तीन बायकांचा आवाज आला. लांबच्या सेक्टरमधून चालत आल्या असाव्यात, नारळ, ओटीचं सामान घेऊन. एकीने विचारलं, "देवी बसते ती इथेच ना?"

माझा हात तिथेच थांबला. दाराशी सासूबाई होत्या. ज्यांनी त्या जटेला इतके दिवस हळदकुंकू वाहिलं, ज्या माझ्या वाटणीचा कोप पदरात मागत होत्या, त्या आता काय बोलतात याकडे माझे कान लागले. मुलगी माझ्याकडे बघत होती.

मग सासूबाईंचा तो जुना, आख्ख्या चाळीला ऐकू जाणारा आवाज आला. "देवी-बिवी कोण नाय हंय. सून हा ती माझी."

"पण आजी, जट आलीय म्हणून ऐकलं…"

"गुंतो होतो. सुटलो. तिनाच सोडवल्यान." आणि दार लोटता लोटता, "आता ती वेणी घालता. ह्या वेळाक ती कोणाक भेटना नाय."